पानिपतची पत्रे आणि न उघडणाऱ्या फायली

दिल्लीहून कर्नालच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की सुमारे ९० किलोमीटरवर पानिपत लागते, आणि शहराबाहेर आठेक किलोमीटरवर काला अंब. ज्या आंब्यामुळे हे नाव पडले तो कधीच वाळून गेला. त्याचे लाकूड पंडित सुगनचंद नावाच्या गृहस्थांनी घेऊन दरवाजे करवले, ते व्हिक्टोरिया राणीला नजर झाले आणि आता पानिपतच्या संग्रहालयात आहेत, असे सांगतात. झाडाच्या जागी विटांचा स्तंभ आहे, त्यावर लोखंडी कांब. १७६१ च्या लढाईच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे येतात. स्वतःला पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज म्हणवणारे हरियाणातले रोड मराठेही येतात. भाषणे होतात, घोषणा होतात, फोटो निघतात.

एखाद्या मुलाला त्यापुढे जाऊन मुळातले काही वाचावेसे वाटले, तर वाचायला कमी नाही. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आहे, रियासतकार सरदेसायांनी काढलेला पेशवे दप्तराचा पानिपतवरचा दुसरा खंड आहे, शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताची फारसी हकीकत आहे, भाऊसाहेबांची बखर आहे, त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ आहे. प्रश्न वाचायचे कशावर, हा आहे. पानिपतचे कागद गुप्त असे फार थोडा काळ होते. ते बहुतेक काळ कोणाच्या ना कोणाच्या हातच्या किल्लीवर अडलेले होते. गेल्या ४० वर्षांत ती किल्ली संगणकाच्या दुकानात जाऊन बसली. ही हकीकत त्या किल्लीची.

पराभवाची बातमीच मुळी बंद लिफाफ्यापेक्षा पक्क्या कुलपातून आली होती. नानासाहेब पेशवे नर्मदा ओलांडून भेलशाच्या बाजूला पोचले असताना २४ जानेवारी १७६१ ला एका सावकाराचे पत्र त्यांच्या हाती पडले. त्यात दोन मोती विरघळल्याची, २७ मोहरा हरवल्याची आणि चांदी-तांब्याचा हिशेबच लागत नसल्याची नोंद होती. वाटेत कोणी उघडले असते तर पेढीचा तोटा वाटला असता. ज्याला कळायचे त्याला कळले की भाऊसाहेब आणि विश्वासराव गेले, मोठे सरदार गेले आणि लष्कराची गणती राहिली नाही. इथे किल्ली मुद्दाम केलेली होती आणि तिचा उपयोगही रास्त होता.

बाकीची पत्रे मोडीत होती. मोडी लपवण्यासाठी नव्हती, भरभर लिहिण्यासाठी होती; पण इंग्रजी अमदानीत छपाई बाळबोधीत स्थिरावली, पुढे शाळांतूनही मोडी गेली, आणि पणजोबांचे पत्र पणतूला परके झाले. शिवाय पेशवे दप्तर पुण्यात सरकारच्या ताब्यात आणि आत जायला परवानगीची अट. म्हणून विश्वनाथ काशिनाथ राजवाडे खाजगी वाड्यांकडे वळले. वाईत त्यांना पानिपतच्या काळातल्या पत्रांचे घबाड सापडले आणि १८९८ मध्ये त्यांनी ते छापून काढले. सरकारी दप्तराचे दार पुरते उघडायला आणखी ३० वर्षे गेली. सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड काढले.

या छापील पुस्तकांतली एक गोष्ट इतकी उघड आहे की ती कोणी बोलत नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने पाडलेले देवनागरी खिळे देशभर नावाजले गेले. पण त्या खिळ्यांनी छापलेले पुस्तक विकत घेणाऱ्याला निर्णयसागरचे खिळे घरी आणून ठेवावे लागत नसत. खिळे छापखान्यात राहत, वाचकाकडे फक्त शाई आणि कागद येई. संगणक आला तेव्हा मराठीत नेमके याच्या उलटे झाले.

सुरुवात मात्र चांगली होती. कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्या गटाने देवनागरीत चालणारा संगणक बांधला आणि १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तो लोकांनी पाहिला. पुढे पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि हे काम १९८८ मध्ये तिकडे गेले. परमसंगणकामुळे सी-डॅकचे नाव झाले, पण मराठी माणसाच्या टेबलावर आधी पोचले ते तिचे जिस्ट कार्ड. साध्या पीसीत हे कार्ड बसवले की डॉसवरच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये मराठी लिहिता येई. त्यामागचा विचार आजही कौतुकाचा वाटतो. अक्षराच्या चित्राला नव्हे, अक्षराला क्रमांक द्यायचा. ‘क’ मराठीत, बंगालीत, कानडीत एकाच घरात बसवायचा. काना-वेलांटी कशी दिसायची ते यंत्राने ठरवायचे. या पद्धतीला इस्की म्हणत आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. युनिकोड या जागतिक मानकाने देवनागरीची मांडणी घेतली ती तिच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून.

मग विंडोज आले, त्याबरोबर पेजमेकर आला, आणि पुण्यातल्या पेठांतून डीटीपीच्या खोल्या निघाल्या. परदेशी प्रोग्रॅमना जोडाक्षर कसे बनते ते ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच कळत होते : २५६ घरे आहेत, प्रत्येक घरात एक चित्र आहे. मग आपल्या लोकांनी देवनागरीचे तुकडे केले. काना वेगळा, अर्धा ‘त’ वेगळा, रफार वेगळा, रफारावर अनुस्वार आणखी वेगळा. हे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या घरांत नेऊन बसवले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, बंगळुरूच्या सायबरस्केपचे आकृती. प्रत्येकाची मांडणी निराळी. फाइलमध्ये ‘पानिपत’ हा शब्द नसेच. तिथे रोमन अक्षरे, टक्क्याची खूण, कंस आणि डॉलर यांची माळ असे, आणि तो ठरावीक फाँट वर चढवला की ती माळ ‘पानिपत’सारखी दिसे. फाँट काढला की नुसता कचरा. प्रोग्रॅमबरोबर एक छोटी डबी मिळे, ती संगणकाच्या मागे प्रिंटरच्या खाचेत लावायची. तिला सगळे ‘लॉक’ म्हणत. लॉक हरवले तर दुकान बंद.

आता या कंपन्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनी ते पुष्कळदा केले. मला ते पटत नाही. एका प्रतीवर ५० दुकाने चालतात त्या बाजारात लहान कंपनीने लॉक लावले नसते तर ती वर्षभरही टिकली नसती. मायक्रोसॉफ्टला मराठी ही बाजारपेठ वाटत नव्हती तेव्हा मराठी पुस्तके, लग्नपत्रिका, दैनिके, निवडणुकीची पत्रके याच लोकांच्या जिवावर निघाली. चूक वेगळ्या जागी आहे. इस्कीसारखे मानक सरकारने कागदावर केले, पण सरकारी खरेदीत, पाठ्यपुस्तकात, विद्यापीठात ते पाळलेच पाहिजे असा आग्रह धरला नाही. मानक एकीकडे राहिले आणि बाजाराने दिले ते सगळ्यांनी घेतले.

छापील कागदापुरते हे चालून गेले. कागदावर फाँटचे काम संपते. पण १९९५ नंतर इंटरनेट आले आणि फाइल जशीच्या तशी वाचकाकडे जाऊ लागली. तेव्हा निर्णयसागरचे खिळे वाचकाने घरी ठेवायचे, ही वेळ खरोखरच आली. मराठी दैनिकांची संकेतस्थळे निघाली आणि प्रत्येकाच्या दारात सूचना : आधी आमचा फाँट उतरवून घ्या. पाच वर्तमानपत्रांचे पाच फाँट. त्यावर तोड म्हणून पानाबरोबर आपोआप येणारे फाँट निघाले, तर त्यांचेही दोन तट : नेटस्केपसाठी एक जात, इंटरनेट एक्सप्लोररसाठी दुसरी. नेटस्केप हरले आणि एक्सप्लोररचीच जात उरली. तो ब्राउझर विंडोजचा. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लिनक्स असेल, घरी मॅक असेल, तर मराठी बातमी म्हणजे प्रश्नचिन्हांची आणि परदेशी अक्षरांची रांग. अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांनी त्या काळात रोमन लिपीत मराठी लिहिण्याची जी सवय लावून घेतली, तिच्यामागे आळस होता तितकीच ही अडचणही होती.

गुगलला त्या माळेत ‘पानिपत’ सापडत नसे, हे नुकसान त्याहून मोठे. जवळजवळ १० वर्षांची मराठी पत्रकारिता शोधयंत्रांच्या दृष्टीने लिहिलीच गेली नव्हती.

विंडोज २००० मध्ये पहिल्यांदा मराठी, हिंदी, कोकणी यांना युनिकोडमधून जागा मिळाली आणि बरोबर मंगल नावाचा फाँट आला. तो कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. मंगलची अक्षरे छपाईला रुक्ष म्हणून डीटीपीवाल्यांनी नाके मुरडली, पण पडद्यावर युनिकोड मराठी वाचणाऱ्या एका पिढीने ती जोशींच्या अक्षरांतच वाचली. २००३ मध्ये सायबरस्केपने आपले आकृतीचे फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले. पुढच्या वर्षी रेड हॅटने लिनक्ससाठी लोहित नावाचे फाँट खुले केले, आणि ते पुरवले होते पुण्याच्या मॉड्युलरनेच. ज्यांच्या लॉकवर आपण चिडायचो त्यांच्याच अक्षरांनी लिनक्सवरची मराठी वाचनीय केली. इतिहासात चांगले-वाईट असे सरळ दोन कप्पे सहसा मिळत नाहीत.

युनिकोड आले म्हणून सगळे सुटले असेही झाले नाही. मराठीचे हट्ट हिंदीहून निराळे. ‘पुऱ्या’ आणि ‘वऱ्हाड’ यांतला आडवा र हिंदीला लागत नाही. तो दाखवायच्या दोन रीती पडल्या : नुक्त्याच्या ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा सांधा टाकून. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. ‘ॲ’ या अक्षराला स्वतःचे घर मिळाले थेट २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, तोवर लोक ‘अ’ला चंद्र चिकटवून भागवत आणि पुष्कळ जण अजूनही भागवतात. २००९ च्या नोव्हेंबरात भारत सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड मानक ठरवले. त्याच महिन्याच्या ६ तारखेला महाराष्ट्र शासनाने मराठीची लिपी, वर्णमाला आणि जोडाक्षरे यांवर निर्णय काढला. खूप उशिरा, पण निघाला.

तरी प्रकाशक हलले नाहीत, त्याला कारण होते. पेजमेकरला युनिकोड मराठी कधीच जमले नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या उघडपणे आणि भरवशाने जुळू लागल्या त्या २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपासून. तोपर्यंत ज्या प्रकाशकाने ‘युनिकोडमध्ये द्या’ म्हटले त्याच्या पुस्तकात वेलांट्या मागेपुढे पळत. म्हणून पुस्तक श्रीलिपीत जुळायचे, पीडीएफ त्याचीच व्हायची आणि ती ई-पुस्तक म्हणून मिरवायची. छपाईसारखी दिसते, पण परिच्छेद उचलून दुसरीकडे टाका, रोमन कचरा बाहेर पडतो. वर्गात टिपणे काढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ती फाइल म्हणजे अक्षरांचे छायाचित्र.

या काळात काला अंबच्या त्याच राजधानी परिसरात, दिल्ली ओलांडून पलीकडे नोएडात, एक वेगळे काम चालू होते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी यांनी दहा लाख पुस्तके संगणकावर आणण्याची कल्पना काढली होती. तिची भारतीय शाखा बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत प्रा. एन. बालकृष्णन यांच्या देखरेखीखाली उभी राहिली, नाव डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. २००३ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे संकेतस्थळ सुरू झाले. नोएडाचे सी-डॅक हे तिचे एक मोठे केंद्र. त्यांनी गावोगाव जाऊन पुस्तक तिथल्या तिथे छापून देणारी एक गाडीही काढली होती, नाव ‘द्वारे द्वारे ज्ञान संपदा’. देशभरच्या ग्रंथालयांतली जुनी पुस्तके स्कॅनरखाली गेली. पेशवे दप्तराचे खंड त्यात आले, राजवाड्यांची साधने आली. कोल्हापूरच्या किंवा दिल्लीतल्या मुलाला पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची पायरी न चढता १८९८ चे पुस्तक समोर मिळणार, असे वाटू लागले.

मिळाले, पण पान-पान करून. प्रत्येक पान ही टिफ नावाच्या प्रकारातली वेगळी प्रतिमा होती. जपणुकीसाठी टिफ उत्तम, त्याचा तपशील जगजाहीर, त्यात कोणाचे कुलूप नाही. पण बहुतेक ब्राउझर टिफ दाखवत नसत. त्यासाठी एक जोडणी उतरवून बसवावी लागे, ती विंडोजवर सहज बसे, इतरत्र रडवे. कॉलेजच्या संगणकावर तर काही बसवायची परवानगीच नसे. ४०० पानी खंड म्हणजे ४०० फायली. पुढे ब्राउझरांनीच असल्या जुन्या जोडण्या बंद केल्या, क्रोमने २०१५ मध्ये, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. तोवर हुशार मुलांनी सगळी पाने एका दमात ओढून घेऊन त्यांची पीडीएफ शिवणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि मित्रांत वाटले. इतिहासाच्या किती प्रबंधांना या प्रोग्रॅमांनी हात दिला असेल, त्याची नोंद ऋणनिर्देशात कोणी केलेली दिसत नाही.

त्याहून गमतीची अडचण सूचीची. मराठी नावे रोमन लिपीत एका खास पद्धतीने लिहिली होती : ‘ट’साठी अक्षरानंतर अवतरणाची खूण, अनुस्वारासाठी आणखी एक, दीर्घ स्वर दोनदा. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ शोधायचे तर ते नाव त्या यंत्राच्या बोलीत कसे पडेल याचा अंदाज बांधायचा. लेखकाच्या जागी प्रकाशक, वर्षाच्या जागी शून्य, हेही नित्याचे. खुल्या प्रकारातले खुले पुस्तक असूनही ते हाती लागत नव्हते. खुलेपणाचा दाखला मानकाच्या कागदावर मिळतो, कसोटी मात्र ग्रंथालयातल्या त्या पोराच्या संगणकावर लागते.

प्रताधिकाराच्या तक्रारी वाढल्या आणि ते संकेतस्थळ मावळले. त्याआधी कार्ल मालामूद या अमेरिकी कार्यकर्त्याच्या पुढाकाराने त्यातली लाखो पुस्तके उतरवून घेतली गेली होती. २०१७ मध्ये ती इंटरनेट आर्काइव्हवर आली, एकसंध पीडीएफमध्ये. त्या अवतरणांच्या खुणांसकट. तिथले ओसीआर यंत्र प्रत्येक पुस्तकाचा मजकूर ओळखून शोधण्याजोगा करी. मराठी पुस्तकांपुढे मात्र ‘ही भाषा सध्या ओळखता येत नाही’ अशा अर्थाचा शेरा पडे, कारण ते विकतचे ओसीआर देवनागरी वाचत नव्हते. आर्काइव्हने नंतर टेसरॅक्ट नावाचे खुले ओसीआर घेतले, आणि त्याला मराठी येते. राजवाड्यांच्या खंडात ‘गोविंदपंत’ टाकून पान शोधता येण्याचा दिवस असा हळूहळू आला. ओसीआर अजून बखरीतल्या जुन्या जोडाक्षरांना अडखळते, ते सोडून देऊ.

जगात या वेळी ई-पुस्तकांची दुसरीच लढाई चालली होती आणि तिच्यातले कुलूप मुद्दाम लावलेले होते. ॲमेझॉनचे किंडल २००७ चे. त्याच साली ईपब हे खुले मानकही पक्के झाले, पण किंडलने आपला प्रकार वेगळा ठेवला. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने पाठ्यपुस्तके किंडलवर द्यायचा प्रयोग काढला. पुस्तक बोलून दाखवायची सोय त्या यंत्रात होती, पण तिथपर्यंत पोचायच्या याद्या मुक्या, म्हणजे अंध विद्यार्थ्याला पुस्तकच उघडता येईना. अंधांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि जानेवारी २०१० मध्ये विद्यापीठाने तडजोड केली. त्याच २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने ऑर्वेलचे ‘१९८४’ गिऱ्हाइकांच्या यंत्रांतून परस्पर पुसले होते. विकणाऱ्याला ती प्रत विकायचा हक्कच नव्हता, हे खरे. पण घरात येऊन पुस्तक उचलून नेणारा दुकानदार त्याआधी कोणी पाहिला नव्हता. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा पैसे परत दिले, पुस्तके मात्र गेली.

मराठी या बाजारात उशिरा शिरली. किंडलवर मराठी पुस्तकांची अधिकृत सोय झाली डिसेंबर २०१६ मध्ये. मराठी ई-पुस्तके विकणारी आपली दुकाने त्याआधीपासून होती, पण एका दुकानातले पुस्तक दुसऱ्याच्या ॲपमध्ये उघडावे ही अपेक्षा ठेवायची नाही, हा रिवाज इथेही आला. भारताच्या २०१२ च्या प्रताधिकार दुरुस्तीने असे तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. त्याच दुरुस्तीने दुसरीकडे एक दारही उघडले : अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा कोणत्याही प्रकारात पुस्तक करून द्यायला हक्कदाराची परवानगी लागत नाही. अंधांसाठीच्या माराकेश कराराला जगात पहिली मंजुरी भारताने दिली, जून २०१४ मध्ये. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झाले.

इथे जुना हिशेब पुन्हा दत्त म्हणून उभा राहिला. कायद्याने परवानगी दिली, प्रकाशकाने उदारपणे फाइलही दिली; ती श्रीलिपीतली. पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला तिच्यात मराठी दिसतच नाही. तो ‘पानिपत’च्या जागी कंस, टक्का, डॉलर म्हणतो. डोळस वाचकाला फाँटने जे झाकून ठेवले होते ते अंध विद्यार्थ्याच्या कानावर उघडे आदळले. मराठी युनिकोडमध्ये का हवी, या वादात हाच मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि साहित्य संमेलनांच्या मांडवात तोच सर्वांत कमी ऐकू येतो.

शेजवलकरांचे उदाहरण घ्या. त्यांचा पानिपतवरचा इंग्रजी ग्रंथ १९४६ चा, मराठी १९६१ चा, लढाईच्या द्विशताब्दीचा. ते २८ नोव्हेंबर १९६३ ला वारले. आपल्याकडे प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून शेजवलकर सर्वांचे झाले. सरदेसाई १९५९ मध्ये गेले, ते चार वर्षे आधीच मोकळे झाले. राजवाडे तर कधीचेच. कोणीही ही पुस्तके टाइप करावी, युनिकोडमध्ये विकिस्रोतावर ठेवावी, ईपब करावी, लिनक्सवर, आयफोनवर, जुन्या अँड्रॉइडवर वाचावी. ज्या मोडीत ती मूळ पत्रे होती त्या मोडीलाही २०१४ मध्ये, युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत, स्वतःची घरे मिळाली. अठराव्या शतकातल्या चिटणिसाचे पत्र आज त्याच्याच लिपीत टाइप करता येते.

अडकली आहेत ती मधली वर्षे. साधारण १९९० ते २०१२ या काळात मराठीत जे लिहिले गेले, स्थानिक इतिहास, जिल्ह्यांचे गौरवग्रंथ, विद्यापीठांतले प्रबंध, लहान नियतकालिके, ते सगळे संगणकावर जुळले गेले. राजवाड्यांना न मिळालेली सोय या पिढीला मिळाली होती. त्या फायली फ्लॉपींवर, सीडींवर, डीटीपीवाल्याच्या माळ्यावर पडल्या आहेत. पेजमेकरची जी आवृत्ती त्यांना उघडते ती नव्या विंडोजवर चालत नाही. लॉक लावायची खाच नव्या संगणकाला नाही. फाइल कशीबशी उघडली तरी फाँटची कोणती आवृत्ती होती ते जुळवणाऱ्यालाच आठवत नाही, आणि जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारा परिवर्तक एका आवृत्तीसाठी केलेला असला की दुसरीत ‘र्य’चा ‘ऱ्य’ करतो, वेलांटी एक अक्षर पुढे ढकलतो, अनुस्वार गिळतो. मग मुद्रितशोधकाने छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडायची. तेवढा खर्च कोण करणार?

म्हणून आता बहुतेक ठिकाणी सोपा मार्ग धरतात. फाइलचा नाद सोडतात, छापील पुस्तकाची बांधणी सोडवतात, पाने स्कॅन करतात आणि ओसीआरकडे देतात. ज्याची अक्षरे एकदा कोणीतरी बोटांनी संगणकात भरली होती, ते पुस्तक त्याच संगणकाला पुन्हा फोटोवरून वाचायला शिकवले जाते आणि वर तपासणीचे पानामागे पैसे पडतात. १८९८ च्या खंडालाही हेच करावे लागते, २००८ च्या पुस्तकालाही हेच; दर सारखाच. जुन्या खंडाचे काम उलट थोडे सुखाचे, कारण त्याला कोणाची परवानगी विचारावी लागत नाही.